डेस्कटॉप सुरूच होत नाही: भिंतीतल्या पॉइंटपासून मदरबोर्डापर्यंत

बटण दाबलं, पण पंखा हलला नाही की दिवा लागला नाही. इंदुरात अशा वेळी पहिला निकाल ठरलेला असतो: "एसएमपीएस गेला." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या डीसीत बदलणारा, कॅबिनेटमधला डबा. कधी हा निकाल खरा असतो. पण बरेचदा दोष यूपीएसमध्ये, सैल कॉर्डमध्ये किंवा कॅबिनेटच्या चार आण्याच्या बटणात निघतो, आणि तोवर नवा एसएमपीएस बसवून झालेला असतो. म्हणून भिंतीकडून आत यायचं आणि दर टप्प्यावर एवढंच बघायचं, की वीज इथवर पोचली का. साहित्य फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, खोडरबर आणि तासभर वेळ पुरे.

आधी लक्षण नीट ओळखा. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी, हा आजार वेगळा आहे. त्यात रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासा, एकच पट्टी बसवून बघा, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात आहे ना ते तपासा. एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. इथे आपल्याला दोनच प्रकारांशी काम आहे: मशीन पूर्ण मेलेलं, किंवा पंखा क्षणभर हलून लगेच थांबणारं.

भिंत आणि यूपीएस

यूपीएस बाजूला काढा आणि कॉम्प्युटरची कॉर्ड सरळ भिंतीतल्या पॉइंटला लावा. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती थकते. बॅटरी अगदीच बसली की स्वस्त यूपीएसपैकी कितीतरी भिंतीत वीज असूनही चालूच होत नाहीत, आणि कॉम्प्युटर मेल्यासारखा वाटतो. यूपीएसच्या मागे फ्यूज किंवा दाबून पूर्ववत करायचं छोटं काळं बटण असतं, तेही बघा.

मोबाइलचा चार्जर चालला म्हणून पॉइंट ठीक असं समजू नका. चार्जर अगदी थोडा करंट घेतो आणि १०० व्होल्टवरही चालतो. त्याच पॉइंटवर पाच मिनिटं इस्त्री लावा. ती नीट तापली नाही, किंवा पॉइंटमधून चरचर आवाज आला, तर आतली पट्टी सैल किंवा जळालेली आहे. मीटरने मोजायची सवय असेल तर एसीवर २३० च्या आसपास आकडा हवा. साधे एसएमपीएस १८० च्या खाली अडखळू लागतात. शेजाऱ्यांकडेही ट्यूब मिणमिणत असेल तर दोष तुमच्या घरात नाही, वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार नोंदवा. उलट बाजूने, गल्लीतला न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटून व्होल्टेज अचानक चढलं असेल आणि त्याच वेळी घरातला टीव्ही किंवा राउटरही गेला असेल, तर एसएमपीएस आतून जळाल्याची शक्यता मोठी. पुढची तपासणी त्या हिशोबाने करा.

कॉर्डकडे सगळे दुर्लक्ष करतात. ती एसएमपीएसच्या सॉकेटमध्ये घट्ट बसायला हवी, नुसती टेकलेली चालत नाही. दुसऱ्या कॉर्डने बघा. मॉनिटरची सहसा तीच असते. एसएमपीएसच्या मागचा स्विच आडव्या रेघेच्या बाजूला दाबलेला हवा, गोलाच्या बाजूला नाही. घरात लहान मूल असेल किंवा नुकतीच साफसफाई झाली असेल तर हा स्विच आधी बघा. जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल सरकता स्विचही असतो. तो चुकून ११५ वर गेला आणि आपल्याकडची वीज दिली, तर स्फोटासारखा आवाज होऊन एसएमपीएस जातो. त्याला हात लावू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये अर्थ पकडून असतात, त्यामुळे अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मीटर ११० ते ११५ व्होल्ट दाखवतो. मशीन सुरू न होण्याचं हे कारण नव्हे, पण प्रिंटर किंवा एचडीएमआय जोडताना पोर्ट जळण्याचं कारण हेच. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जांभळी तार

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर कॉर्ड काढा, बटण ३० सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलीसुरली वीज निघून जाते, आणि कॅबिनेटची बाजू उघडा. कॉर्ड परत लावून बटण दाबून बघा. गडबड दिसताच वीज तोडणारं एसएमपीएसचं संरक्षण सर्किट अडकलेलं असेल तर ते एवढ्यानेही सुटतं.

नाही सुटलं, तर मीटर डीसी २० व्होल्टवर लावा. काळा प्रोब (मीटरच्या तारेचं टोक) कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला, लाल प्रोब २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमध्ये मागून, तार जिथे आत शिरते तिथून, जांभळ्या तारेला टेकवा. कॉर्ड लावलेली आणि स्विच चालू असला की कॉम्प्युटर बंद असतानाही इथे ५ व्होल्ट असायलाच हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतं. बटण दाबल्याची खबर घेणारं सर्किट याच विजेवर जागं असतं, म्हणून सारी तपासणी इथे दोन वाटांना फुटते.

शून्य आलं, तर कॉर्ड काढून २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डावरून (पुढे नुसता बोर्ड) उपटा आणि कॉर्ड लावून पुन्हा मोजा. आता ५ व्होल्ट आले, म्हणजे एसएमपीएस जिवंत आहे आणि बोर्ड किंवा बोर्डाला जोडलेलं काहीतरी ती लाइन खाली ओढतंय. पहिला संशय यूएसबीवर घ्या: पुढच्या पोर्टातली वाकलेली पत्री, पाणी गेलेला कीबोर्ड, मेलेला पेन ड्राइव्ह. सगळं उपटा, पुढच्या पोर्टांची केबलही बोर्डावरून काढा. पावसाळ्यात वीज कडाडून गेल्यावर हे झालं असेल तर लॅनची (इंटरनेटच्या तारेच्या पोर्टाची) चिप शॉर्ट झालेली असू शकते, कारण कडाका इंटरनेटच्या तारेतूनही आत येतो. कनेक्टर काढूनही शून्यच, तर मात्र एसएमपीएस गेला हे खरं.

पाच व्होल्ट पहिल्यापासूनच येत असतील तर लाल प्रोब हिरव्या तारेवर न्या. कनेक्टर बोर्डावरच राहू द्या. बंद अवस्थेत इथे साधारण ५ व्होल्ट दिसतात. आता कुणाला तरी बटण दाबायला सांगा. आकडा ०.८ च्या खाली आला, म्हणजे बोर्डाने "चालू हो" सांगितलं आणि एसएमपीएसने ऐकलं नाही. आकडा हललाच नाही, तर निरोप बोर्डातून निघालाच नाही: बटण, त्याची तार किंवा बोर्ड.

निरोप निघाला नाही: बटण

बोर्डाच्या खालच्या कडेला पुढच्या पॅनलच्या पिना असतात. प्रचलित नऊ पिनांच्या मांडणीत ६ आणि ८ या पॉवर स्विचच्या, ५ आणि ७ रिसेटच्या. बोर्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. नसेल तर माहितीपत्रक बघा. पॉवरची जोडी उपटून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा. नवं बटण आणेपर्यंत रिसेटची जोडी पॉवरच्या पिनांवर लावा आणि रिसेट दाबून कॉम्प्युटर चालवा. वर्षानुवर्षं असं चालतं.

टेकवूनही काही झालं नाही, तर कॉर्ड काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. सेल ३ व्होल्टचा असतो, २.७ च्या खाली असेल तर बदलाच. उतरलेला सेल सहसा फक्त घड्याळ चुकवतो, पण काही बोर्ड त्याच्यावाचून अडूनच बसतात.

निरोप गेला, ऐकला नाही: एसएमपीएस की शॉर्ट

आता एसएमपीएस एकटा तपासायचा. कॉर्ड काढा. मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर बोर्डावरून काढा. जुना कॅबिनेट पंखा किंवा टाकाऊ हार्ड डिस्क एसएमपीएसला जोडा, कारण लोड (वीज घेणारं काही) नसताना मिळालेले आकडे फसवे असतात. तारेच्या तुकड्याने हिरवी आणि शेजारची काळी जोडा, मग कॉर्ड लावा. पंखा फिरला तर मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. करड्या तारेवर साधारण ५ व्होल्ट यायला हवेत. एसएमपीएसने बोर्डाला दिलेला "सगळं ठीक" हा इशारा तो. १२ च्या जागी १०.८ दिसत असेल तर पंखा फिरतोय याला अर्थ नाही, एसएमपीएस बदला.

दोन सावधगिऱ्या. सगळ्या तारा काळ्या असतील तर रंगावर नाही, पिनांवर जा: हिरवी १६, जांभळी ९, करडी ८, आणि क्रमांक कंपनीच्या आकृतीवरूनच मोजा. डेल, एचपी, लेनोव्होच्या कित्येक तयार डेस्कटॉपमध्ये कनेक्टरच वेगळा असतो. त्यांना हे रंग लावू नका.

एकटा ठणठणीत चालतो आणि बोर्डाला लावला की गप्प, हे शॉर्टचं लक्षण. क्षणभर हलून थांबणारा पंखाही बहुधा हेच सांगत असतो. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, जादा पंखे, एक सोडून सगळ्या रॅम काढा. प्रत्येक प्रयत्नाआधी कॉर्ड मिनिटभर बाहेर ठेवा. संरक्षण एकदा अडकलं की वीज पूर्ण तुटल्याशिवाय सुटत नाही, आणि घाई केली तर निर्दोष भागावर आळ येतो. सुरू झालं तर एकेक वस्तू परत जोडा.

तरीही तेच, तर प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर तेवढा काढून बटण दाबा. आता पंखे फिरत राहिले तर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागातला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असणार. खात्रीसाठी कॉर्ड काढून बोर्डावरच्या त्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजा. एक-दोन ओहमच्या आत आला तर बोर्ड रिपेअरला. बोर्ड नुकताच काढून बसवला असेल तर त्याच्याखाली राहिलेला एखादा स्क्रू किंवा जादा पितळी खांबही शोधा.

सकाळी अडणारं मशीन

मशीन एकदा लागलं की दिवसभर चालतं, पण सकाळी चार-पाचदा दाबावं लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीत जास्तच. हे एसएमपीएसमधल्या, त्यातही जांभळ्या तारेच्या सर्किटमधल्या कपॅसिटरचं म्हातारपण आहे. थंडीत त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. बोर्डावरही प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा: माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी द्रव सुटलेला नको. असं मशीन बंदच न करता चालू ठेवणं हा उपाय नव्हे. एक दिवस लाइट जाते आणि मग ते उठत नाही.

एसएमपीएस स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट असतात आणि कॉर्ड काढल्यावरही काही काळ टिकतात. आतला फ्यूज उडाला असेल तर तो सहसा दुसरं काही शॉर्ट झाल्यामुळे उडालेला असतो. तिथे तार बांधून देणाऱ्या कारागिराला नमस्कार करावा आणि पुढे जावं.

धूळ ही इथली वेगळीच गोष्ट. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) दुकानासमोरून जाते तिथे त्या दिवशी कॉम्प्युटर बंद करून कॅबिनेट झाकून ठेवा. बारीक रंग एसएमपीएसच्या पंख्यातून आत ओढला जातो आणि पावसाळ्यात ओल धरून गळती करंट वाहू देतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने अडवून धरा. पाल आत जाऊन चिकटलेली सापडणंही नवलाचं नाही. कॅबिनेटच्या मागची कार्डाची रिकामी जागा पट्टीशिवाय उघडी ठेवू नका.

नवा एसएमपीएस घ्यायला आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये गेलात तर डब्यावरचे वॅट वाचू नका. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. "४५० वॅट" लिहिलेल्या डब्यावर तिथे १८ अँपिअर असतील तर खरा आकडा २१६ वॅट. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिसच्या मशीनला तेवढं पुरतं. कार्ड असेल तर त्या कार्डाची गरज बघून वरचा घ्या. बोर्ड रिपेअरला द्यावा लागला तर प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण परत बसवा, नाहीतर पिना वाकतात, आणि बोर्डाच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून मगच तो दुकानदाराच्या हाती द्या.