कॅरेक्टरचा मृत्यू आणि गेम मास्टरचा अधिकार : या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळांत आपलं कॅरेक्टर, म्हणजे आपण वठवतो ते पात्र, मेलं म्हणून खेळाडू सहसा रुसत नाही. ते कसं मेलं, कुणी ठरवलं आणि कधी ठरवलं, यावरून रुसतो. बेळगावच्या टिळकवाडीत कुणाच्या तरी माडीवर रविवारी जमणारा ग्रुप असो की निपाणी, खानापूरहून ऑनलाइन जोडले जाणारे खेळाडू असोत, चांगलं चाललेलं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एकच गोष्ट, मोडतं ते बहुतेक वेळा अशाच एका सेशननंतर, म्हणजे बैठकीनंतर. पुढच्या रविवारी एकाला अचानक काम निघतं, मग दुसऱ्याला.

गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा जीएम, त्याचा अधिकार मोठा असतो आणि तो तसा असायलाच हवा. जग त्याचं, राक्षस त्याचे, नियमाचा अर्थ लावायचं कामही त्याचं. पण मृत्यूच्या बाबतीत हा अधिकार फासा पडण्याआधी वापरायचा असतो. गल्ली क्रिकेटमध्ये ‘वन टिप आउट’ आहे की नाही हे टॉसच्या आधी ठरतं. कॅच पकडल्यावर ठरवायला गेलात तर मॅच तिथंच संपते. खाली ज्या चुका सांगतोय, त्यांतल्या बहुतेक फासा पडल्यानंतर ठरवायला जाण्यातूनच होतात.

रोल मागताना धोका न सांगणे

रोल म्हणजे फासा टाकणं. ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्याकडे जरा सावकाश बघू.

समजा, जीएमनं खानापूरच्या जंगलातल्या बारापेडे गुहांवरून एक डंजन, म्हणजे धोक्यांनी भरलेलं भुयार, रचलंय. वटवाघळं, ओला दगड, मध्येच बारा फूट रुंद भेग. दुसऱ्या लेव्हलची, म्हणजे अजून कच्ची, विझर्ड (जादूगार) खेळणारी पोरगी म्हणते, “दादा, मी उडी मारते.” जीएम म्हणतो, “मार. ॲथलेटिक्स रोल कर.” वीस बाजूंच्या फाशावर पडतात चार. “गेलीस खाली. संपलं.”

तिच्या डोक्यात ती भेग पुरुषभर खोल होती, जीएमच्या डोक्यात साठ फूट. दोघं दोन वेगळ्या गुहांत उभे होते आणि फासा मात्र एकच पडला.

आता नियमानं काय झालं असतं ते पाहू. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत दर दहा फुटांच्या पडण्याला एक डी सिक्स, म्हणजे सहा बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढी, इजा होते, जास्तीत जास्त वीस डी सिक्स. साठ फूट म्हणजे सहा डी सिक्स, सरासरी 21. तिचे एकूण हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसायची ताकद, 12 आहेत आणि सगळे शाबूत आहेत असं धरा. 12 शून्यावर आले, वर 9 उरले. उरलेली इजा एकूण हिट पॉइंटएवढी किंवा त्याहून जास्त असेल तरच जागीच मृत्यू. 9 हे 12 पेक्षा कमी, म्हणजे ती बेशुद्ध आहे, मेलेली नाही. दोर टाकून कुणी खाली उतरलं तर वाचते. पण मागच्या मारामारीत मार खाऊन ती 5 हिट पॉइंटवर असती, तर उरले असते 16 आणि ती खरोखर संपली असती.

म्हणजे “संपलं” हा शब्द जीएमचा नव्हताच. भेग किती खोल हे ठरवणं जीएमचं. ते त्यानं आधी ठरवायचं आणि आधी बोलून दाखवायचं: “खरं बघ, खाली साठ फूट आहे. पडलीस तर सहा डी सिक्स. आत्ता पाच हिट पॉइंटवर आहेस तू. उडी मारतेस, का दोर बांधतेस?” एवढं ऐकूनही तिनं उडी मारली, तर तो मृत्यू तिचा स्वतःचा असतो. वर्षभरानंही ती तो किस्सा हौसेनं सांगेल.

आपल्याकडच्या टेबलावर आणखी एक गोष्ट असते. एक जण मराठीत बोलतो, दुसरा कन्नडमध्ये विचार करतो, नियम इंग्रजीत छापलेले. जिवावर बेतणारा रोल असेल तर समोरच्याला कळलंय का, हे त्याच्या भाषेत विचारून घ्या. नुसत्या मान हलवण्यावर जाऊ नका. नवा माणूस भिडेपोटी मान हलवतो.

शून्य हिट पॉइंट म्हणजे मृत्यू असं धरणे

1974 च्या मूळ खेळात शून्यावर आलात की मेलात, असंच होतं. पाचव्या आवृत्तीत तसं नाही. शून्यावर आलेलं कॅरेक्टर आपल्या प्रत्येक पाळीला डेथ सेव्ह टाकतं: दहा किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशं आधी जमली तर प्रकृती स्थिर, तीन अपयशं आधी जमली तर मृत्यू. एक पडला तर दोन अपयशं, वीस पडले तर एका हिट पॉइंटनिशी कॅरेक्टर उठतं.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. निसटतं ते पुढचं. बेशुद्ध पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून केलेला वार लागला की तो आपोआप क्रिटिकल, म्हणजे जबर वार, ठरतो, आणि क्रिटिकलची दोन अपयशं धरली जातात. तेव्हा दोनदा वार करणारा राक्षस पडलेल्या कॅरेक्टरवरच वळला आणि दोन्ही वार लागले, तर एका पाळीत खेळ खलास. खेळाडूला एकही डेथ सेव्ह टाकायला मिळत नाही.

आणि हा निर्णय फाशाचा नसतो, शंभर टक्के जीएमचा असतो. दुसरा वार पडलेल्यावर करायचा की समोर उभ्या असलेल्या फायटरवर, हे फासा सांगत नाही. म्हणून प्रत्येक शत्रूला काय हवंय ते सेशनच्या तयारीतच लिहून ठेवा. दरोडेखोराला पैसा हवा असतो. तो पडलेल्याच्या मानेला सुरा लावून बाकीच्यांना हत्यारं टाकायला लावेल. भुकेलं श्वापद पडलेल्याला ओढून नेईल. सूड घ्यायला आलेला माणूस मात्र तिथंच संपवेल, आणि तो असा आहे हे खेळाडूंना गावात शिरतानाच कुणाच्या तरी तोंडून कळलेलं असावं. अख्खी पार्टी, म्हणजे सगळ्या कॅरेक्टरांची टोळी, आडवी झाली तरी हीच टिपणं कामाला येतात. खंडणी मागणारे शत्रू कैद करतात, मग पुढचं सेशन कोठडीत सुरू होतं, आणि कुणालाही जीएमनं ऐनवेळी दया केली असं वाटत नाही.

स्क्रीनमागं फासे फिरवणे

स्क्रीन म्हणजे जीएमपुढचा आडपडदा. त्यामागं राक्षसाचे वीस पडले, पोरगं नवीन आहे, जीएम हळूच म्हणतो “अकरा, चुकला.” हेतू चांगला असतो, तरी मी याच्या विरोधात आहे. टेबलावरच्या लोकांना हे आज ना उद्या कळतंच. कळलं की त्यानंतर कुणाला भीती वाटत नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढं कुणी मेलं, तर प्रश्न येतो, “त्याला वाचवलंत, मग मला का नाही?” त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

चोरदरवाजा सापडला का, पहारेकरी जागा आहे का, असले रोल स्क्रीनमागं जरूर टाका. जिवावरचा रोल मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि या क्षणी कुणी मरू नये असं तुम्हाला वाटत असेल, तर फासा उचलूच नका. “तो तुला पाडतो आणि बांधून नेतो. चालेल?” असं सरळ विचारा.

एका खेळाची सवय दुसऱ्या खेळात आणणे

कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळात मरण किंवा वेड ही रोजचीच शक्यता, ती धरूनच लोक बसतात. फेट नावाच्या खेळात हरणारा खेळाडू फासा टाकण्याआधी शरण जाऊन आपल्या शेवटाबद्दल बोलणी करू शकतो. तसं केलं नाही आणि तो ‘टेकन आउट’, म्हणजे बाद, झाला, तर त्याचं काय होतं हे जिंकणारा ठरवतो. डंजन वर्ल्डमध्ये मरणारा दोन डी सिक्स टाकतो. दहा किंवा जास्त पडले तर वाचतो, सात ते नऊमध्ये साक्षात मृत्यू त्याच्याशी सौदा करायला येतो. पॅरानोया या खेळात तर मेलेल्याच्या जागी यायला हाताशी क्लोन असतात. खेळ बदलला की जीएमचा अधिकारही बदलतो. पहिल्या बैठकीत, म्हणजे सेशन झिरोमध्ये, हे पाच मिनिटांत सांगून टाका.

मृत्यूचा छडी म्हणून वापर

कुणी उशिरा येतो, कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, कुणी प्रत्येक नियमावर वाद घालतो. त्याचं कॅरेक्टर दरीत ढकलून हा प्रश्न सुटत नाही. माणसाशी असलेली तक्रार माणसाशी बोला, चहाच्या वेळी, बाजूला घेऊन. जो हजर नाही त्याचं कॅरेक्टर मारू नये, हा तर माझ्या मते न लिहिलेला कायदाच असायला हवा. व्हीटीयूची, म्हणजे इंजिनिअरिंगची, परीक्षा आहे म्हणून पोरगं आलं नाही, आणि परतल्यावर त्याला मित्राकडून कळतं की आपली क्लेरिक (पुजारीण) गेली. हे कुणालाही लागेल.

आपल्याकडं जीएम बहुधा ग्रुपमधला थोरला असतो. सगळे त्याला दादा नाहीतर अण्णा म्हणतात. त्यामुळं त्याचा शब्द जीएमचा म्हणून तर चालतोच, थोरल्याचा म्हणूनही चालतो. धाकटे वाद घालत नाहीत, गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला होकार समजू नका. मरणाच्या निर्णयाआधी स्वतःहून विचारा: “कुणाला वाटतंय का की मी नियम चुकीचा लावतोय?” आणि विचारल्यावर दहा सेकंद खरोखर थांबा.

इथंच आणखी एक गोष्ट. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, आणि इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी फौजेत आहे. रणांगणावरच्या मरणाचं रसभरीत वर्णन अशा घरातल्या खेळाडूला झेपेलच असं नाही. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल तर आजारपणातलं मरणही नको. काय अजिबात येऊ नये आणि काय पडद्याआड उरकावं, हे सेशन झिरोमध्ये विचारा. एकट्यानं सांगायची सोय ठेवा, व्हॉट्सॲपवर निरोप चालेल. कुणी सांगितलं तर कारण विचारू नका.

चूक होऊन गेली असेल तर

नियम चुकला हे त्याच सेशनमध्ये कळलं, तर तिथंच थांबा, चूक कबूल करा आणि मागं जा. वरच्या उदाहरणात विझर्ड भेगेच्या तळाशी बेशुद्ध आहे, डेथ सेव्ह सुरू करा. आठवड्यानं कळलं, तर आधी ज्याचं कॅरेक्टर गेलं त्याला एकट्याला फोन करा. काहींना कॅरेक्टर परत हवं असतं. काहींनी तोवर त्याचा शेवट मनात मानलेला असतो, आणि त्यांना तो तसाच हवा असतो. निवड त्यांची.

जिवंत करायचे मंत्र आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. रिव्हिव्हिफाय एका मिनिटाच्या आत लागतो आणि 300 सोन्याच्या नाण्यांचे हिरे खातो. रेझ डेडला दहा दिवसांची मुदत आणि 500 नाण्यांचा हिरा. तुमच्या जगातल्या एकाही बाजारात, एकाही खजिन्यात हिरा नसेल, तर मेलेलं परत येणार नाही हे तुम्ही ठरवून मोकळे झालात, फक्त सांगितलं नाहीत. ते सांगा. पार्टी हिऱ्याच्या शोधात निघाली तर चार सेशनचा ऐवज आयता मिळतो.

मेलेल्या कॅरेक्टरच्या खेळाडूला दोन तास नुसतं बसवून ठेवू नका. शेवटचे शब्द त्यालाच बोलू द्या, आणि मग लगेच हातात काहीतरी द्या: सोबतचा वाटाड्या, नाहीतर चक्क राक्षसाची बाजू. नवं कॅरेक्टर त्याच रात्री पुढच्या खोलीत कैदी म्हणून सापडू शकतं. ते आणा बाकीच्यांच्याच लेव्हलचं. पाचव्या लेव्हलच्या पार्टीत पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर घातलं, तर आठ डी सिक्सचा एक फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) सरासरी 28 इजा करतो. बाकीचे भाजून निघतील, नवा मात्र सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, चुकला की जागीच जाईल, आणि तोच खेळाडू एका संध्याकाळी दुसऱ्यांदा रिकाम्या हातानं बसेल.