दोन बिऱ्हाडांचं घर: कुणाची लाईट कुठून बंद होते?

खाली घरमालक, वर भाडेकरू, दोन्ही मीटर जिन्याखाली. सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मेन स्विचही तिथेच, आणि त्यांच्यापुढे सायकल, पाण्याची पिंपं, चादरीच्या गाठी. कुठे त्या जागेला कुलूपही असतं. वर गिझर जळायला लागला आणि किल्ली गावाला गेलेली असली, तर करायचं काय? कुलूप काढा आणि बोर्डासमोर तीन फूट जागा मोकळी ठेवा.

मग कुठला मेन कुणाचा ते ठरवा. बिलावरचा मीटर क्रमांक मीटरवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. दोन्हीकडचे दिवे-पंखे लावून ठेवा, इन्व्हर्टर बंद करा आणि खालचा मेन पाडा. वरचं काही बंद पडलं किंवा खालचं काही चालू राहिलं, तर वायरिंग एकमेकांत गेलंय. मग वरचा मेन पाडून हेच करा. मोटार कुणाच्या मीटरवर आहे तेही आताच पाहून घ्या. नळाला पाणी आल्यावर त्यावरून वाद नको. शेवटी ‘खालचं घर’, ‘वरचं घर’ असं ऑइलपेंटनं लिहा. खडूनं लिहिलेलं टिकत नाही.

नेहमी घोळ होतो तो जिन्याच्या दिव्यात. फेज (वीज आणणारी वायर) वरच्या मीटरचा, न्यूट्रल (परतीची वायर) जवळ सापडला म्हणून खालचा. दोन्हीकडे आरसीसीबी (गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये फरक पडला की वीज तोडणारा स्विच) असेल तर दिवा लावताच दोन्ही पडू शकतात, कारण एकीकडून गेलेला करंट दुसरीकडून परत येतो. आरसीसीबी नसेल तर धोका जास्त: खालचा दोन पोलचा (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन पाडला की तो न्यूट्रल तुटतो, वरचा फेज बल्बमधून त्याच वायरीत उतरतो, आणि ‘बंद’ घरात काम करणाऱ्याला शॉक बसतो. फेज-न्यूट्रल एकाच मीटरचे करून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनचंच.

त्याच खेपेला वरच्या मजल्यावर दाराशी, हात पोहोचेल अशा उंचीवर, वेगळा दोन पोलचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. ६ चौरस मिमी तांब्याच्या वायरीला ३२ अँपियरचा एमसीबी पुरे. ‘सारखा पडतो’ म्हणून ६३ चा लावला, तर वायर जळेल पण तो पडणार नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला. टर्मिनलचे स्क्रू उन्हाळ्याआधी आवळून घ्यावेत. चाळिशीपार उन्हात कूलर आणि एसी दिवसभर चालतात, आणि आधी जळतं ते ढिलं टर्मिनलच.

मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंत असतात, म्हणून त्याचाही स्विच कुठे आहे ते बोर्डावर लिहा.

मीटरच्या आधीचा कटआउट (फ्यूजचा डबा) आणि सील महावितरणचं. तिथे ठिणगी दिसली किंवा जळका वास आला, तर हात न लावता १९१२ ला फोन करा.