वाचक बोलत नाहीत? वाचनालयाने या चुका टाळाव्यात

"वाचक हल्ली बोलतच नाहीत. येतात, पुस्तक बदलतात, जातात." ही तक्रार मी वाचनालयात काम करणाऱ्या कितीतरी जणांकडून ऐकली आहे आणि काही वर्षं स्वतःही केली आहे. देवघेवीच्या टेबलामागे बसलं की तसं वाटतंही. पण तोच वाचक बाहेर पडताना दुसऱ्या वाचकाला भेटला, की दोघं पायरीवर उभे राहून पुस्तकाबद्दल पंधरा मिनिटं बोलतात. म्हणजे बिघाड वाचकात नाही, टेबलाच्या आपल्या बाजूला आहे.

'आवडलं का?' असं विचारणं

पुस्तक परत घेताना आपण सवयीने विचारतो, "आवडलं का?" समोरचा म्हणतो, "हो, छान होतं." संपलं बोलणं. आपणच सुचवलेलं पुस्तक कंटाळवाणं निघालं, हे आपल्या तोंडावर कोण सांगेल?

त्याऐवजी "कुठपर्यंत झालं वाचून?" असं विचारून बघा. "साठेक पानं झाली, मग राहिलं" हे सांगणं सोपं जातं आणि का राहिलं ते पाठोपाठ येतं. सूर मात्र गृहपाठ तपासणाऱ्याचा नको. पुस्तक अर्धवट सोडल्याची अनेकांना उगाच लाज वाटते. अशांना मी नॅन्सी पर्ल या अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या ग्रंथपाल बाईंचा नियम सांगतो. पहिली ५० पानं वाचा, मन लागलं नाही तर खुशाल सोडा. वय ५० च्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं वाचा. सत्तरीच्या वाचकाला ३० पानं पुरे! हा हिशेब ऐकून ज्येष्ठ सभासद जितके खूश होतात, तितके नव्या पुस्तकांची यादी पाहूनही होत नाहीत.

विषय विचारून पुस्तक हातात ठेवणं

ही चूक अनुभवी माणसंच जास्त करतात, कारण त्यांना कपाटं पाठ असतात. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत, प्रसिद्ध केलं ते पुस्तकांची नीट मांडणी व्हावी म्हणून. माणसाची आवड त्या आकड्यांत बसत नाही. समुद्रप्रवासाची कादंबरी आवडली असं कुणी म्हणालं की आपण लगेच समुद्रावरचं दुसरं पुस्तक काढतो. त्याला आवडलेला असतो जहाजावरचा तो घुमा स्वयंपाकी. दुसऱ्या पुस्तकात समुद्र भरपूर असतो, पण तसा माणूस एकही नसतो.

पर्ल यांनीच याची एक सोपी उकल मांडली आहे. वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. कोणाचं दार कोणतं, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: "अलीकडे मनापासून आवडलेलं पुस्तक कोणतं, आणि त्यातलं काय लक्षात राहिलं?" मग उत्तर कान देऊन ऐकायचं. "पुढे काय होतंय म्हणून रात्री ठेववेना" म्हणणारा कथानकाच्या दाराने येतो. "ती आजी अजून डोळ्यांसमोर आहे" हे पात्रांचं दार. "तिथे राहून आल्यासारखं वाटलं" म्हणजे परिसर, आणि "काही वाक्यं मी दोनदा वाचली" म्हणजे भाषा. दार कळलं की विषय पार वेगळा असला तरी पुस्तक लागू पडतं.

मग दोन-तीन पुस्तकं समोर ठेवावीत. एकच दिलं तर नको म्हणणं अवघड जातं, दहा दिली तर निवडणं. यातलं एकही नेलं नाही तरी चालेल, हेही बोलून दाखवावं.

मुलांशी बोलताना आणखी एक घोटाळा होतो. आपण मुलाला विचारतो, उत्तर आई किंवा बाबा देतात आणि आपण त्यांचंच ऐकून पुस्तक काढतो. पालकांना थोडं थांबवावं लागतं. मूल उत्तर द्यायला वेळ घेतं, तेवढा द्यावा.

भुवई उंचावणं

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं सांगतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. त्याचं, त्याने वाचावं असं आपल्याला वाटतं ते नव्हे. मी एकदा ओळीने चौथी रहस्यकथा नेणाऱ्या एका बाईंना "पुन्हा हेच?" असं हसत विचारलं. पुढे माझी पाळी नसेल त्याच दिवशी त्या येऊ लागल्या. हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

सूचनापेटी ठेवून विसरणं

पेटी रिकामी असेल तर तिच्यावर नवा कागद चिकटवून उपयोग नाही. आधी आत गेलेल्या चिठ्ठ्यांचं काय झालं ते आठवा. वाचकाने पुस्तकाचं नाव लिहून टाकलं, तीन महिने काहीच हललं नाही, तर तो दुसरी चिठ्ठी कशाला लिहील?

इलाज कंटाळवाणा आहे पण हमखास लागू पडतो. प्रत्येक मागणीला भिंतीवर दिसेल असं उत्तर लिहायचं. मागवलं. आवृत्ती संपली आहे, मिळत नाही. महाग आहे, यंदाच्या रकमेत बसत नाही. शेवटची दोन उत्तरं लिहायला आपण कचरतो, पण वाचक नकाराने तितका रागावत नाही, जितका गप्प बसण्याने रागावतो. भिंतीवर मागणाऱ्याचं नाव मात्र नको, पुस्तकाचं पुरे. पुस्तक आलं की कपाटात लावण्याआधी ज्याने मागितलं त्याला कळवावं आणि आठवडाभर त्याच्यासाठी राखून ठेवावं. एकदा असं झालं की तो माणूस चार जणांना सांगतो.

नव्या पुस्तकांच्या यादीचीही तीच गत. दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत ही माहिती दाखल नोंदवहीची आहे. वाचकाला यापेक्षा एका सभासदाने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी जास्त सांगते: "सुरुवात संथ आहे, तिसऱ्या प्रकरणापासून पकड घेतं." अशा चिठ्ठ्या पुस्तकाजवळच लावा आणि पुस्तकाचा कणा नव्हे, मुखपृष्ठ समोर ठेवा.

चर्चेच्या नावाखाली व्याख्यान

पाहुणे पंचावन्न मिनिटं बोलतात, शेवटची पाच मिनिटं प्रश्नांना, आणि मग "कोणी काही विचारलंच नाही" अशी खंत. खुर्च्या गोल मांडा. दहा-बारा माणसं पुरे. पुस्तक पूर्ण न वाचलेल्यांनाही येऊ द्या. सुरुवात मताने नको, एखाद्या प्रसंगाने करा: "इथे ती परत का गेली असेल?" नेहमी तिघंच बोलत असतील तर पहिल्या फेरीत प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, असं ठरवा. सगळ्यांना आवडेल असं पुस्तक चर्चेला निवडू नये. सगळे होकारच देणार असतील तर बोलायचं काय?

घोडं बरेचदा प्रतींपाशी अडतं. बारा जण, एक प्रत आणि पंधरा दिवसांची मुदत म्हणजे शेवटच्या वाचकाचं वाचून होईपर्यंत सहा महिने जातात. १९९८ मध्ये सिॲटलच्या सार्वजनिक ग्रंथालयातून अख्ख्या शहराने एकच पुस्तक वाचण्याचा उपक्रम सुरू झाला आणि नंतर तो ठिकठिकाणी उचलला गेला. उचलण्याआधी प्रती मोजाव्यात. पुरत नसतील तर एकच कथा घ्या, किंवा विषय एक ठेवून पुस्तक ज्याचं त्याने निवडू द्या.

मोठ्याने बोलणं

"तुमचं ते नैराश्यावरचं पुस्तक आलंय बरं का!" हे आपण आपुलकीने, पण रांगेतल्या सहा जणांना ऐकू जाईल असं बोलतो. तो वाचक पुन्हा असं पुस्तक मागत नाही. आजार, घटस्फोट, कर्ज, श्रद्धा किंवा अश्रद्धा, माणसं यांची उत्तरं पुस्तकांत गुपचूप शोधत असतात. वाचकाची खासगी माहिती गुप्त राखणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेतही होतं. राखीव पुस्तक पालथं धरून द्यावं, नाव घेऊ नये. घरातल्या दुसऱ्या माणसाने "त्यांनी काय नेलंय?" असं विचारलं तरी सांगू नये. यावर कधीकधी वाद होतो, तो होऊ द्यावा.

थकलेला दंड

अचानक दिसेनासा झालेला सभासद वाचन सोडून गेला, असं समजू नका. पुष्कळदा एक पुस्तक मुदतीबाहेर गेलेलं असतं, दंड वाढत जातो आणि मग यायचीच लाज वाटते. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड रद्द केला, तेव्हा जुनी थकलेली पुस्तकं मोठ्या संख्येने परत आली. तुमच्या नियमांत दंड रद्द करणं बसत नसेल तर निदान त्याला कमाल मर्यादा घाला, मुदत संपण्याआधी आठवण करा, आणि दाराबाहेर एक पेटी ठेवा, जिच्यात कोणालाही तोंड न दाखवता पुस्तक टाकता येईल.