कार्पेटखालचं काम

गाडीला ॲम्प, म्हणजे स्टिरिओचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, बसवायचं काम शिकायला येणारी मुलं पहिल्या दिवशी वूफरबद्दल, म्हणजे बेसच्या स्पीकरबद्दल विचारतात. किती इंची, किती वॅट, बेस किती दणकतो. अर्थबद्दल कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आयटीआयला वायरमन ट्रेड करून मी पुण्यात गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात लागलो, तेव्हा अर्थ म्हणजे काळी वायर आणि ती जवळ दिसेल त्या पत्र्याला मारायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घराच्या वायरिंगमध्ये अर्थ ही सुरक्षेची वायर. सगळं ठीक असेल तर तिच्यातून करंट जात नाही. गाडीत तसं नाही. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते, आणि ॲम्प लाल वायरीतून जेवढा करंट ओढतो तेवढाच काळ्या वायरीतून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत परत जातो. नाव तेच, काम निराळं. वायरमन होऊन या धंद्यात येणाऱ्यांची गल्लत इथेच होते, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

माझी गल्लत एका दिवाळीत उघडी पडली. दसरा ते दिवाळी नव्या गाड्यांची रांग लागते, जेवायलाही फुरसत नसते. एका हॅचबॅकला ५०० वॅट आरएमएसचा, म्हणजे सलग ५०० वॅट देणारा, मोनो (एका चॅनेलचा) ॲम्प लावला. डिकीतल्या एका ब्रॅकेटवर सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारून अर्थ घेतला, रंग खरवडला नाही. मीटर कंटिन्युइटीवर लावला, बीप वाजला, गाडी दिली. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत. आवाज वाढवला की ॲम्प प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे स्वतःहून बंद व्हायचा, लाल दिवा लागायचा.

मी ॲम्प खराब म्हणून काढायला घेतला. उस्तादांनी हात धरला.

"अर्थ बघितलास का?"

"बघितला ना उस्ताद, बीप येतोय."

"बीप तीस ओहमलाही वाजतो. तीस ओहममधून बारा व्होल्टला किती अँपिअर जातील, सांग."

हिशेब केला. ०.४ अँपिअर. आणि त्या ॲम्पला किती लागत होते? क्लास डी ॲम्प, एफिशियन्सी ८० टक्के धरली तर ५०० वॅट बाहेर द्यायला ६२५ वॅट आत घ्यावे लागतात. १३.८ व्होल्टने भागा, ४५ अँपिअर. ओहमवर लावूनही उपयोग नव्हता, कारण मीटरच्या दोन प्रोब एकमेकींना टेकवल्या तरी ०.२, ०.३ दाखवतात. आपल्याला पकडायचा असतो त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा दोष.

मग त्यांनी जे करून दाखवलं, ते मी आजही प्रत्येक गाडीला करतो. वूफर जोडलेला ठेवून, गाडी चालू करून ५० हर्ट्झचा टोन लावायचा. थोडा वेळच लावायचा, नाहीतर वूफरची कॉइल तापते. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरी लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. सगळं नीट असेल तर इथे जवळपास काहीच दिसायला नको. माझ्या गाडीत १.३ व्होल्ट दिसले. त्यातले १.१ एकट्या लग (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची चकती) आणि पत्र्याच्या मध्ये. डीसी क्लॅम्प मीटरवर करंट ४५ अँपिअर. (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथे चालत नाही. घेताना विचारून घ्या.) म्हणजे १.१ गुणिले ४५, त्या एका स्क्रूवर ५० वॅट जळत होते. २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न कार्पेटखाली चालू ठेवल्यासारखं! मी स्क्रूला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं.

लाल बाजूही मोजली, बॅटरी प्लसपासून ॲम्पच्या प्लसपर्यंत. तिथे ०.९ व्होल्ट जात होते. बॅटरीवर १३.६, ॲम्पला मिळत होते ११.४. आवाज आणखी वाढवला की तेही खाली जायचे आणि ॲम्प स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. त्याचा काही दोष नव्हता. लाल बाजूचा दोष वायरीचा होता. स्वस्त किटमधली वायर होती, वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम ६१ टक्के करंटवाहक, त्यात जाड इन्सुलेशन घालून वायर फुगवलेली. तेव्हापासून मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायर घेताना आधी एक तार ब्लेडने खरवडतो. आत पांढरी निघाली तर ठेवून देतो. वरून पांढरी पण आत लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते उत्तम. गेजच्या आकड्यावरही विसंबू नका, स्क्वेअर एमएम विचारा. ४ गेज म्हणजे साधारण २१ स्क्वेअर एमएम, ८ गेज म्हणजे ८.४. काळी वायर लाल वायरीएवढीच जाड हवी. पातळ काळी वायर दिसली की ते काम मी उलगडून नव्याने करतो.

आता अर्थ कसा घ्यायचा ते. जागा अशी शोधा की जो पत्रा गाडीच्या मूळ सांगाड्याचा आहे, बोल्टने लावलेल्या ब्रॅकेटचा नाही. ॲम्पपासून दीड फुटाच्या आत. ८ एमएमचं भोक पाडून नट-बोल्ट. स्क्रू पातळ पत्र्याला जेमतेम एक-दोन आट्यांवर धरतो आणि हादऱ्याने सैल होतो, म्हणून स्क्रू नको. लगच्या आकाराहून थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंग गेला म्हणजे झालं असं नाही, त्याखाली करडा प्रायमर असतो, तोही काढायचा. लग थेट पत्र्यावर, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा. हातोडीने ठोकलेला लग वर्षभरात सैल झालेला मी पाहिलाय. आवळून झालं की उघड्या पत्र्यावर आणि लगवर वरून रंग किंवा ग्रीस. हे विसरू नका. अलिबाग-रत्नागिरीकडच्या गाड्यांत एका पावसाळ्यात उघड्या तांब्यावर हिरवा थर चढतो. तो दिसतो तरी, त्याखालचा पत्र्याचा गंज दिसतही नाही.

सीट बेल्टचा बोल्ट मोठा असतो, हाताशी असतो, मोह होतो. त्याला हात लावू नका. त्यावर लॉक करणारं कोटिंग असतं, त्यामुळे अर्थही नीट मिळत नाही, आणि अपघातात माणूस त्या बोल्टावर तोललेला असतो. ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) बारीक अर्थवर आपला जाड लग चढवणंही तितकंच वाईट. सीएनजीच्या गाड्यांत सिलिंडरच्या स्टँडवर अर्थ घेऊ नका, त्याच्या आसपास ड्रिलही नको. नव्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. गाडी त्याच्यावरून चार्जिंगचा हिशेब ठेवते. तिथे थेट पोस्टला वायर लावली तर आपला करंट त्या सेन्सरला दिसतच नाही. बॉडीला घ्या.

ड्रिलबद्दल सगळ्यात कळकळीने सांगतो. बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, आणि ब्रेकचे नि इंधनाचे पाइप फ्लोअरच्या खालून जातात. शिकत असताना मी वरून टेप लावून माप घेतलं आणि फ्लोअरला भोक पाडलं. खाली जाऊन पाहिलं तर बिट ब्रेक पाइपपासून बोटभर अंतरावर निघाला होता. त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही. आता आधी गाडी वर घेतो, खालून हात फिरवतो, मग वरून खूण करतो, आणि बिटला टेपची कॉलर लावतो म्हणजे तो हवा तेवढाच आत जातो. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि लाल वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावायचा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) वायर जाते तिथे भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं, हवाच.

ॲम्प कुठे बसवायचा हे अर्थच्या जागेबरोबरच ठरवावं लागतं. मी आधी अर्थची जागा बघतो आणि ॲम्प तिच्याजवळ आणतो. नवी मुलं उलटं करतात, मग काळी वायर सहा फूट लांब होते. वूफरच्या खोक्यावर ॲम्प लावू नका, हादऱ्याने आतले सोल्डरचे टाके तुटतात. डिकीच्या छताला उलटा टांगलेला ॲम्प शोरूममध्ये छान दिसतो, पण गरम हवा वर जाते आणि ॲम्पच्या बॉडीतच कोंडते. पुढच्या सीटखाली जागा छान मिळते, पण आपल्याकडे चार महिने ओले बूट घेऊन माणसं बसतात. तिथे लावायचाच असेल तर कार्पेटपासून इंच-दीड इंच उचलून लावा, सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून बघा. मला मागच्या सीटची पाठ किंवा डिकीची बाजू आवडते. १२ एमएमचा मरीन प्लाय गाडीच्या बॉडीला रिव्हनटने (पत्र्यात रिव्हेटसारखा बसणारा नट) पक्का करायचा आणि ॲम्प त्या प्लायवर स्क्रूने. ॲम्पची बॉडी पत्र्यापासून वेगळी राहते, भोकं प्लायमध्ये पडतात, आणि उद्या ॲम्प बदलला तरी गाडीला नवं भोक पडत नाही. आजूबाजूला चार बोटं मोकळी ठेवा, पंखे झाकू नका.

गाडी रेस केली की आवाजात शिट्टी चढत असेल तर आधी आरसीए (स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल आणणारी केबल) ॲम्पपासून काढा. शिट्टी गेली तर दोष स्टिरिओच्या बाजूचा. राहिली तर अर्थकडे परत या. अर्थ सुटलेला असेल तर ॲम्प परतीचा करंट आरसीएच्या जाळीतून शोधतो, आणि स्टिरिओच्या आतला नाजूक ट्रॅक जळतो. म्हणून ॲम्प काढताना आधी फ्यूज काढायचा, अर्थ शेवटी. लावताना अर्थ पहिला.

माझ्या हाताखाली येणाऱ्याला मी पहिल्या आठवड्यात गाडी देत नाही. डेंटिंगवाल्याकडून भंगारातला रंगीत पत्रा आणायला सांगतो, एक बॅटरी आणि ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब देतो. बल्बला साडेचार अँपिअर लागतात. पत्र्याच्या एका टोकाला बॅटरीची निगेटिव्ह चांगला लग लावून जोडायची, दुसऱ्या टोकाला बल्बचा अर्थ आधी रंगावर स्क्रूने, मग नुसतं घासून, मग घासून-दातेरी वॉशर-नट-बोल्टने घ्यायचा. दर वेळी लग आणि पत्र्यातले मिलिव्होल्ट मोजून वहीत लिहायचे, आणि त्यांना दहाने गुणायचं, कारण ॲम्पचा करंट साधारण दहापट असतो. तीन आकडे वहीत उतरले की मग त्याला विचारतो, यातला कोणता अर्थ तू तुझ्या घरच्या गाडीला घेशील?