नववीच्या वर्गात गर्दविषयी बोलताना

सुया आणि कवट्यांची पोस्टरं घेऊन वर्गात जाऊ नका. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. मुलं तेवढ्यापुरती घाबरतात, मग 'आपण कुठे असे' म्हणून सोडून देतात. माझा दादाही पोस्टरातल्यासारखा दिसत नव्हता. लालबागच्या चाळीत कबड्डी खेळायचा. १९८२च्या गिरणी संपात बाबा घरी बसले, तेव्हा पहाटे पेपर टाकून आईच्या हातात पैसे द्यायचा. गर्दचा पहिला झुरका त्याला त्याच्याच दोस्ताने दिला, तोही फुकट.

म्हणून सुरुवात दोस्तापासून करा. जवळच्या मित्राने आग्रह केला तर काय म्हणाल? उत्तर वहीत लिहून घेऊ नका. जोड्या लावा आणि मोठ्याने बोलायला लावा. 'नको, मी निघालो.' एवढंच. कारणं देत बसलं की समोरचा प्रत्येक कारण खोडत जातो, हे मुलांना करून बघितल्यावरच पटतं. यात पूर्ण तास गेला तरी जाऊ द्या.

दुसऱ्या तासाला माहिती. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अफूपासून बनणाऱ्या हेरॉईनचंच भेसळीचं रूप. हेरॉईन १८९८ साली बायर कंपनीने खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं. हे जरूर सांगा, कारण आज मुलांच्या हाती लागतं ते कोडीनवालं खोकल्याचं औषधही त्याच कुळातलं, आणि 'औषधच तर आहे' हे वाक्य त्यांनी ऐकलेलं असतं.

'टर्की'बद्दलही बोला. गर्द मिळालं नाही की जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, हातापायांत कळा. मी चौथीत होतो, दादा रात्रभर माझ्याकडून पाय दाबून घ्यायचा.

महिनाभर गावी राहून तो बरा होऊन आला होता. परतल्यावर एकदाच घेतलं, पूर्वीइतकंच. शरीराची सवय मोडलेली असताना तेवढंच जिवावर बेततं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तो घरघर घोरत होता. दमलाय, झोपू दे, म्हणून आईने पांघरूण घातलं. सकाळी उठला नाही.

हे मी दरवर्षी सांगतो आणि फळ्यावर लिहितो: हलवूनही जाग येत नाही, श्वास मंद, ओठ निळसर, तर लगेच १०८. माणसाला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, काय घेतलंय ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्याखाली १४४४६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन.

तास संपल्यावर लगेच स्टाफरूम गाठू नका. खरा प्रश्न तेव्हा येतो. गेल्या वर्षी एक मुलगा विसरलेली बाटली घ्यायला परत आला. 'सर, सोडल्यावर पाय किती दिवस दुखतात?' मी त्याला बसवलं. म्हटलं, पहिले दोन-तीन दिवस फार, आठवड्याभरात बराच उतार पडतो, आणि डॉक्टरांकडे गेलं तर त्रास कमी करायला औषध मिळतं. कुणाचे पाय ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं.