कियांगनला जाताय? मग या चुका टाळा

फिलिपिन्समध्ये, मनिलात राहायला आल्यापासून घरी पाहुणे आले की मी त्यांना उत्तरेला, इफुगाओ प्रांतातल्या कियांगनला नेते. डोंगरातलं, शेतीवर जगणारं शांत गाव. तिथली नागाकादानची भातखाचरं १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पण दर खेपेला चुका त्याच होतात, आणि आता मला ते बघवत नाही.

पहिली चूक बांधावरची. इथे बांध हीच पायवाट असते, पण बांधाची कड ही वाट नव्हे. एकदा माझ्या नात्यातला एक मुलगा बरोबर होता. वाटाड्या वळसा घालून नेत होता, याला धीर निघेना. पाच मिनिटं वाचवायला तो दोन खाचरांमधून सरळ खाली उतरला, ओल्या कडेवर पाय देत आणि तोल सांभाळायला काठी बांधात रोवत. रात्री पाऊस पडला. पाणी त्या भोकांतून झिरपलं आणि सकाळी बांधाचा वावभर तुकडा खाली बसलेला होता. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं, तिथून त्याखालच्यात. त्यामुळे एक बांध फुटला की खालच्या सगळ्यांवर ताण येतो. शेतमालक मनोंग, म्हणजे दादा, एक शब्दही बोलले नाहीत. ते आणि मनांग, म्हणजे ताई, दिवसभर दगड रचत होते, चिखल थापत होते. आम्ही दगड वाहिले, पण रचायचं कसब आमच्या हातात कुठलं? ही खाचरं २००१ ते २०१२ धोक्यातल्या वारशांच्या यादीत होती. तरुण मुलं शहराकडे गेली, डागडुजीला माणसं कमी पडली, हे त्यामागचं एक मोठं कारण. अशा ठिकाणी आपल्या पाच मिनिटांसाठी कुणाचा अख्खा दिवस जावा?

तेव्हापासून काठी मी घरीच ठेवते. वाटाड्या जिथे पाय ठेवतो तिथेच ठेवते, आणि समोरून कुणी भारा घेऊन आलं तर रुंद जागेपर्यंत मागे फिरते. ज्याला दम धरवत नाही त्याने खाचरं रस्त्यावरूनच बघावीत.

(वडीलधाऱ्यांना असंच मनोंग, मनांग म्हणा, नुसत्या नावाने हाक मारू नका.)

दुसरी चूक शाकाहाऱ्यांची. नुसतं ‘भाजी द्या’ म्हणून भागत नाही. पिनाकबेत म्हणजे वांगी, भेंडी, कारलं, भोपळा, पण त्यात बागोओंग म्हणजे खारवलेल्या मासळीची पेस्ट असतेच, वर डुकराचे तुकडेही पडतात. मुगाच्या मोंगोचंही तेच. ताट समोर आल्यावर तोंड वाकडं केलं की रांधणाऱ्या बाईला लागतं. मी चूल पेटायच्या आधीच सांगते: ‘वलांग कार्ने, वलांग इस्दा, वलांग बागोओंग’. मांस नको, मासे नकोत, बागोओंग नको. शिवाय शेंगदाण्याची चटणी बरोबर असते. ती सगळ्यांना वाढते, आवडीने खातात.

बाकीच्या चुका थोडक्यात. मनिलाहून रात्रीची बस बनावेला जाते, पण कियांगनसाठी आधी लागावेलाच उतरा. तिथून जीपनी (इथली प्रवासी जीप) भरल्यावरच सुटते, चालकाला घाई करू नका. दुपारनंतर गाड्या विरळ होतात. रोख पेसो मनिलातूनच घ्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पडते, स्वेटर हवाच. बुलुल म्हणजे भाताचं राखण करणारी लाकडी मूर्ती. कुणाच्या घरातली दिसली तर किंमत विचारू नका. युद्धस्मारकावर हळू बोला: २ सप्टेंबर १९४५ ला जपानी सेनापती यामाशिता याच गावात शरण आला.

आणि ऋतू विचारून जा. तिनावोन हा इथला भात वर्षातून एकदाच पिकतो. आरशासारखं पाणी बघायचं असेल तर लावणीच्या सुमाराला, फेब्रुवारीत या; सोनेरी शेत हवं असेल तर जून-जुलैत, कापणीच्या आधी. एकाच फेरीत दोन्ही मागणाऱ्यांना मी आता नेत नाही.