चादरीच्या कारखान्यात स्वतः शिकणारं वायफाय कसं लावायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये एकच मोठा राऊटर लावून भागत नाही, मागांच्या लोखंडात आणि पत्र्यात सिग्नल अडकतो. त्यापेक्षा ड्युअल बँडचे, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारे, तीन-चार साधे राऊटर घ्या, ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीची मोफत लिनक्स सिस्टीम) टाका आणि ५ गिगाहर्ट्झवर बॅटमॅन-एडीव्हीचं मेश करा, म्हणजे राऊटर वायरशिवाय एकमेकांना जोडा. बॅटमॅन-एडीव्ही २०११ पासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे, प्रत्येक राऊटर शेजाऱ्यांना सारखे छोटे मेसेज पाठवतो आणि त्यावरून रस्ता आपोआप ठरतो, एक बंद पडला तरी दुसरीकडून वाट मिळते.

आता राऊटरना चांगला चॅनल निवडायला शिकवायचं. मोबाईलसाठी २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ हेच चॅनल ठेवा. छोटी स्क्रिप्ट लिहा, प्रत्येक राऊटरनं चॅनल, वेळ आणि डेटाची किती पॅकेट (छोटे तुकडे) परत पाठवावी लागली एवढंच लिहून बाकीच्यांना वाटायचं. ज्याचा रेकॉर्ड चांगला तोच चॅनल, पण दहातनं एकदा मुद्दाम दुसरा ट्राय करू द्या, नाहीतर परिस्थिती बदललेली कळतच नाही. जुन्या नोंदींना कमी वजन द्या. शेजाऱ्याचा अनुभव घ्या पण स्वतःच्यापेक्षा कमी धरा, कारण दाराजवळच्या राऊटरला जे ऐकू येतं ते आतल्याला येत नाही बघा. आणि सगळे एकदम चॅनल बदलायला लागले तर फोन सारखे डिस्कनेक्ट होतात, म्हणून बदल शिफ्ट सुटताना, एकेकाचाच करा.